लहानपणी आकडी आली होती, आता पायलट व्हायचंय: सीमाभागातल्या विद्यार्थी-पालकांसाठी मेडिकलची सविस्तर वाट

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून प्रवासी विमानांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत प्रशिक्षणाची छोटी विमानंही उडू लागली. मुतगा, निलजी, बाळेकुंद्रीच्या शिवारावरून ती घिरट्या घालताना दिसतात. त्यामुळे पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलेल्या मुलांत एखादा तरी आता ‘पायलट’ म्हणतोच. पालक दवाखान्यात येतात ते बहुतेक वेळा फीची चौकशी उरकून, बँकेत कर्जाचं बोलून. उठता उठता आई हळूच विचारते, “डॉक्टर, तीन वर्षांचा असताना तापात एकदा आकडी आलेली. ते बी लिहायचं काय फॉर्ममध्ये?” वडील तिच्याकडे डोळे वटारून बघतात.

लिहायचं. पण त्याआधी बरंच काही करायचं असतं आणि ते सगळं फी भरण्याच्या आधी. व्यावसायिक वैमानिकाचं प्रशिक्षण आज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातं. ऊसाचं शेत गहाण टाकून एवढे पैसे भरायचे आणि मग मेडिकलला अडकायचं, ही उलटी चाल मी पाहिली आहे. आधी मेडिकल, मग फी. आणि फिटचा, म्हणजे आकडीचा, इतिहास असेल तर मेडिकलच्याही आधी निदानाची खात्री. पुढचं सगळं या क्रमासाठी आहे.

नियमात नेमकं काय आहे

भारतात नागरी वैमानिकांची वैद्यकीय पात्रता डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं. त्याची नियमावली ‘सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स’च्या विभाग ७, मालिका सी, भाग १ मध्ये आहे. तिचा पाया आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आयकाओच्या परिशिष्ट १ मध्ये सापडतो. त्या परिशिष्टात मेंदू आणि मज्जासंस्थेबद्दल तीन गोष्टी अडसर म्हणून सांगितल्या आहेत. पहिली, विमान सुरक्षित चालवण्यात बाधा आणू शकेल असा मज्जासंस्थेचा आजार. दुसरी, अपस्मार (एपिलेप्सी). तिसरी, समाधानकारक वैद्यकीय कारण न सापडलेली शुद्ध हरपण्याची घटना. पूर्वी झालेला आजार किंवा आज झालेलं निदान, दोन्ही त्यात येतात. डोक्याला झालेल्या इजेसाठी वेगळं कलम आहे.

तिसरी गोष्ट पुन्हा वाचा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांचा समज असा की ‘अपस्मार’ हा शब्द कागदावर नसला म्हणजे सुटलो. प्रत्यक्षात ‘चक्कर येऊन पडला, कारण कळलं नाही’ एवढं वाक्यसुद्धा तितकंच अडवतं. निदान धूसर ठेवण्यात फायदा नाही, तोटाच आहे.

मेडिकलचे तीन वर्ग आहेत. विद्यार्थी आणि खासगी वैमानिकासाठी क्लास टू, व्यावसायिक परवान्यासाठी क्लास वन, हवाई वाहतूक नियंत्रकासाठी क्लास थ्री. अपस्माराबद्दलचं कलम तिन्हींना आहे, त्यामुळे ‘निदान हौसेपुरतं खासगी लायसन्स तरी’ ही पळवाट इथे चालत नाही.

एवढा कडकपणा का? दोन वैमानिकांच्या विमानात एखादा वैमानिक अचानक निकामी होण्याचा धोका वर्षाला साधारण १ टक्क्याच्या आत असावा, असा हवाई वैद्यकशास्त्रात बराच वापरला जाणारा मापदंड आहे. मोठ्या माणसाला विनाकारण पहिली फिट आली, तर पुढच्या दोन वर्षांत दुसरी येण्याची शक्यता अभ्यासांत २१ ते ४५ टक्के दिसते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मेडिकल तपासणाऱ्या बोर्डाचा डॉक्टर नकाराची मान का हलवतो ते कळतं. शिवाय वैमानिकाच्या नोकरीत अपुरी झोप, पहाटेची ड्युटी, उंचीवरचा विरळ प्राणवायू असतोच, आणि छोट्या विमानात पंख्याच्या पात्यांतून लुकलुकणारं ऊनही. ज्याचा मेंदू फिटकडे झुकणारा आहे त्याला यातली प्रत्येक गोष्ट त्रासाची.

पहिली पायरी: घडलं काय होतं ते नक्की करा

आपल्याकडे तापातली आकडी, उपासात आलेली भोवळ, खरा अपस्मार आणि अंगात येणं, सगळं ‘फिट’ या एका नावाखाली जातं. नियमाच्या दृष्टीने यांची जातकुळी अगदी वेगळी.

तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत येते. साधी आकडी सगळ्या अंगाला येते, पंधरा मिनिटांच्या आत थांबते, चोवीस तासांत पुन्हा येत नाही आणि मागे कोणतीही कमजोरी ठेवत नाही. शंभरात दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते. ती अपस्मार नाही. अमेरिकेतल्या नियमात वयाच्या पाचव्या वर्षाआधी एकदाच आलेली, पुन्हा न झालेली आणि औषध बंद होऊन तीन वर्षं उलटलेली तापातली आकडी असेल, तर तपासणारा डॉक्टर स्वतःच प्रमाणपत्र देऊ शकतो. युरोपीय मार्गदर्शनातही पाचव्या वर्षानंतरचा झटका ही सीमारेषा आहे. आपल्याकडे निर्णय वैद्यकीय बोर्ड आणि डीजीसीएचा, पण नियमातला अडसर अपस्माराचा आहे. त्यामुळे साध्या तापातल्या आकडीने दार आपोआप बंद होत नाही.

म्हणून आईला विचारायचे प्रश्न असे. वय किती होतं? अंगात ताप होता का, आणि आकडीच्या आधी होता की नंतर कळला? एका बाजूचा हात-पाय हलत होता की दोन्ही? किती वेळ? घाबरलेल्या आईला दोन मिनिटं वीस वाटतात, म्हणून असं विचारा की रिक्षा शाळेच्या वळणाला येईपर्यंत थांबली होती का? त्यानंतर पुन्हा कधी? आजीलाही विचारा. कांदा हुंगवणारी बहुधा तीच असते आणि तिला तपशील पक्के आठवतात. (कांदा, चप्पल, किल्ली यांतलं काही हुंगवल्याने फिट थांबत नाही, ती आपली आपणच थांबते, श्रेय मात्र कांदा घेऊन जातो.)

दुसरा प्रकार म्हणजे भोवळ, डॉक्टरी भाषेत सिंकोप. शाळेच्या प्रार्थनेला उन्हात उभं असताना, सुई टोचताना, उपाशीपोटी, रक्त बघून. आधी डोळ्यांपुढे अंधारी, घाम, चेहरा पांढराफटक, मग पडणं, आडवं पडताच काही सेकंदांत भान. यातही दोन-चार झटके हातापायाला येऊ शकतात आणि बघणारे ‘फिट आली’ म्हणतात. खऱ्या अपस्माराच्या झटक्यात चेहरा निळसर पडतो, जिभेची कड चावली जाते, आणि झटका थांबल्यावर काही मिनिटं माणूस भांबावलेला असतो, कुणाला ओळखत नाही. नीट सिद्ध झालेली साधी भोवळ म्हणजे कारण सापडलेली घटना. तीच अर्धवट लिहिली तर वर सांगितलेल्या तिसऱ्या कलमात जाऊन बसते.

तिसरा गट कारण असलेल्या झटक्यांचा: रक्तातली साखर किंवा सोडियम घसरणं, मेंदूज्वर, डोक्याला ताजा मार. यातल्या काहींत कारण दूर झालं की धोका बराच उतरतो, काहींत उतरत नाही. आपल्या भागात आणखी एक कारण वारंवार भेटतं. फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत बनलेली गाठ, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस. औषधाने ती विरघळते, पण मागे कॅल्शियमचा डाग राहिला तर तोच पुढच्या झटक्यांचं मूळ होऊ शकतो. अशी केस अवघड, हे आधीच मान्य करून चालावं.

आणि चौथा, खरा अपस्मार. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येनुसार चोवीस तासांहून जास्त अंतराने विनाकारण आलेले दोन झटके, किंवा एकच झटका पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा अधिक. त्याच व्याख्येत दहा वर्षं झटका नाही आणि त्यातली शेवटची पाच वर्षं औषध नाही, तर अपस्मार ‘मिटला’ असं धरतात. लग्नासाठी, नोकरीसाठी, मनासाठी हे वाक्य फार मोलाचं आहे. (विवाहाच्या कायद्यातून अपस्माराची अट १९९९ मध्येच काढली गेली, तरी आमच्याकडे मुलगी बघायला येणाऱ्यांपासून गोळ्या लपवतात.) पण आयकाओचं कलम पूर्वेतिहासालाही लागतं, म्हणून ‘मिटला’ म्हणजे ‘उडायला मोकळा’ नव्हे. युरोपात दहा वर्षं औषधाविना आणि झटक्याविना गेली असतील, आणि तो लहानपणीचा सौम्य, पुन्हा उलटण्याची शक्यता अगदी कमी असलेला प्रकार होता हे निःसंशय सिद्ध होत असेल, तरच विचार होतो. आपल्याकडे अशा केसमध्ये अपेक्षा कमीच ठेवा.

दुसरी पायरी: कागद गोळा करा

सीमाभागातल्या माणसाची खरी डोकेदुखी इथे आहे. निपाणीचं घर दवाखान्यासाठी कोल्हापूर गाठतं, अथणी-कागवाडकडचं मिरज-सांगली, खानापूरचं बेळगाव नाहीतर गोवा. एकाच मुलाचे कागद तीन राज्यांत विखुरलेले असतात.

त्यात वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची असतात, आणि रुग्णाने मागितली की ७२ तासांत द्यायची असतात. दुसरा भाग तुमच्या हातातलं हत्यार आहे. पहिला भाग मात्र सांगतो की अठरा वर्षांच्या मुलाचे तिसऱ्या वर्षीचे कागद हॉस्पिटलात सापडतीलच असं नाही. म्हणून आधी घरातली ट्रंक उघडा. लसीकरणाचं कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, एक्स-रेच्या पाकिटात कोंबलेलं डिस्चार्ज कार्ड. मग लेखी अर्ज करा. तोंडी मागितलं की ‘रेकॉर्ड नाही’ हे उत्तर फार पटकन येतं. रेकॉर्ड खरंच नसेल तर तसं लेखी घ्या. तो कागदही फाइलला लागतो.

कार्ड सापडलं की ते नीट वाचा. एका मुलाच्या कार्डावर वर छापील अक्षरांत ‘नोन केस ऑफ सीझर डिसऑर्डर’ होतं. खाली नर्सच्या नोंदीत ताप १०३, घशाचा संसर्ग, वय दोन वर्षं चार महिने, एकच झटका, तीन मिनिटं. औषधांत पॅरासिटामोल, अँटिबायोटिक, आणि ‘ताप आल्यास क्लोबाझाम’. म्हणजे सगळी कहाणी साध्या तापातल्या आकडीची, पण मथळा अपस्माराचा. घाईत असं लिहिलं जातं. क्लोबाझाम हे फिटवरचंच औषध आहे, पण आपल्याकडे तापापुरतं दोन-तीन दिवस द्यायची पद्धत जुनी आहे. मेडिकल बोर्डाचा डॉक्टर ते नाव वाचून ‘किती वर्षं गोळ्या चालू होत्या?’ असं विचारणारच. उत्तर तुमच्या कागदात असलं पाहिजे. तसंच व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं औषध कुणाला अर्धशिशीसाठीही दिलेलं असतं. ज्या डॉक्टरने दिलं त्याच्याकडून कारण लिहून घ्या.

नाव हा आणखी एक घोळ. हॉस्पिटलच्या कार्डावर ‘सोनू’, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्कशीटवर नावापुढे वडिलांचं आद्याक्षर, आधारवर वडिलांचं पूर्ण नाव आणि आडनाव. ही सगळी व्यक्ती एकच आहे हे सांगणारं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. डीजीसीएच्या पोर्टलवर नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतं ठेवा. नंतर दुरुस्त्या करत बसण्यात महिने जातात.

तिसरी पायरी: न्यूरॉलॉजिस्टचं मत, पण योग्य प्रश्न घेऊन

बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरज, कुठेही न्यूरॉलॉजिस्ट भेटतो. केस गुंतागुंतीची असेल तर बेंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था. ‘फिट सर्टिफिकेट द्या’ असं म्हणत जाऊ नका. दोन ओळींच्या ‘ही इज फिट टू फ्लाय’ला बोर्ड काडीची किंमत देत नाही, कारण उडायला योग्य की नाही हे ठरवणं त्या डॉक्टरचं कामच नाही. तुम्हाला हवं ते सविस्तर पत्र: घटनेचं वर्णन कुणी पाहिलं आणि काय पाहिलं, तेव्हाचं वय, कारण, किती वेळा, शेवटची तारीख, कोणती औषधं कोणत्या काळात, आजची तपासणी, चाचण्यांचे निष्कर्ष, आणि शेवटी निदान कोणतं व पुन्हा येण्याची शक्यता किती, याचं स्पष्ट मत. घटना पाहिलेल्या माणसाला, म्हणजे आई किंवा आजीला, सोबत न्या. कुणाच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ असेल तर तो शंभर वर्णनांपेक्षा भारी.

ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाबद्दल, थोडं सविस्तर सांगतो, कारण गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. डोक्याला पेस्ट लावून वीसेक तारा चिकटवतात. आदल्या दिवशी केस धुवून जायचं, तेल अजिबात नाही. आमच्याकडची आजी निघताना हमखास डोक्यावर थापते. उपाशी जायचं नाही. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतात, आणि कधी कधी रात्रभर जागून यायला सांगतात. त्या दिवशी मुलाला गाडी चालवत पाठवू नका. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असं सिद्ध होत नाही. अपस्मार असलेल्या जवळपास निम्म्या लोकांत पहिल्या ईईजीत काहीच दिसत नाही. उलट ब्रिटिश हवाई दलातल्या १३ हजारांहून जास्त निरोगी तरुणांच्या ईईजीत साधारण अर्ध्या टक्क्यात अपस्मारासारखे फटकारे दिसले होते. म्हणून माझं स्पष्ट मत: ज्याला कधी काही झालंच नाही त्याने नुसत्या समाधानासाठी ईईजी करून घेऊ नये. नको असलेला एक फटकारा कागदावर आला की तो आयुष्यभर पाठ सोडत नाही. इतिहास असेल तर मात्र ईईजी आणि अपस्माराच्या पद्धतीने काढलेला एमआरआय, दोन्ही हवेत, आणि न्यूरॉलॉजिस्टने सांगितल्यावरच.

गोळ्या चालू असलेल्या मुलांसाठी एक सूचना, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. मेडिकलसाठी म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. दोन-तीन वर्षं झटका नसताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या तरी साधारण तिघांतल्या एकाला पुन्हा झटका येतो. एकदम तोडल्या तर थांबता न थांबणारा झटका येऊन जीव जाऊ शकतो. वैमानिक होण्याची शक्यता तशीही कमी असताना त्यासाठी हा धोका पत्करणं मूर्खपणाचं आहे. मी तसं तोंडावर सांगतो, पालकांना राग आला तरी.

चौथी पायरी: क्लास टू आणि खरं लिहिणं

डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर खातं उघडायचं, मान्यताप्राप्त परीक्षक डॉक्टरांच्या यादीतून सोयीच्या शहरातला निवडायचा आणि क्लास टू करून घ्यायची. यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते आणि बदलत असते, म्हणून एजंटाने दिलेल्या नंबरावर न जाता तिथूनच घ्या. क्लास टूचं मूल्यमापन झालं की फाइल नंबर मिळतो, आणि तो असल्याशिवाय पुढे क्लास वनला जाता येत नाही.

फॉर्ममध्ये पूर्वेतिहासाचे प्रश्न असतात. फिट, बेशुद्धी, चक्कर, डोक्याला मार, घराण्यातला अपस्मार, हॉस्पिटलात दाखल झाल्याच्या नोंदी. इथे ‘नाही’वर खूण करण्याचा मोह सगळ्यांत जास्त. ‘कुणाला कळणार?’ असं अकादमीचा एजंटही हसत सांगतो. त्याला कमिशन मिळालेलं असतं, त्याचं काही जात नाही. खाली तुमची सही असते, आणि माहिती दडवून मिळवलेला परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार सरकारला आहे. कळण्याचे रस्तेही वाढले आहेत: विम्याचे दावे, आभा या सरकारी आरोग्य खात्यात साठत चाललेले डिजिटल कागद, सहकारी वैमानिकासमोर आलेला दुसरा झटका. पंचविसाव्या वर्षी कर्ज डोक्यावर असताना परवाना जाण्यापेक्षा अठराव्या वर्षी एक ‘नाही’ ऐकणं स्वस्त पडतं.

लिहिताना नेमकं लिहा. ‘फिटचा त्रास होता’ असं नको. ‘वय दोन वर्षं चार महिने, १०३ ताप असताना एक साधी तापातली आकडी, तीन मिनिटं, त्यानंतर आजवर एकही नाही, दीर्घकाळ औषध नाही, न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडलं आहे’ असं लिहा. परीक्षकाला बोर्डाकडे विचारणा करावी लागली तरी प्रश्न सुटसुटीत जातो.

पाचवी पायरी: क्लास वनसाठी बेंगळुरू

पहिल्यांदा होणारी क्लास वन हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रांत वर्षानुवर्षं होत आली आहे. आपल्याला सर्वांत जवळचं म्हणजे बेंगळुरूच्या विमानपुरा भागातलं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. दिल्ली आणि जोरहाटलाही केंद्रं आहेत. मान्य केंद्रांची सध्याची यादी पोर्टलवर पाहा आणि तारीख तिथूनच घ्या. ताटकळत बसावं लागतं, म्हणून बारावीचा निकाल लागण्याची वाट पाहू नका.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर जागत जाऊन सकाळी थेट तपासणीला उभं राहायची आपली सवय इथे मोडा. जागरणाने रक्तदाब चढतो, नजर थकते, आणि ज्याला आधीच फिटचा इतिहास आहे त्याने तपासणीच्या आदल्या रात्री झोप गमावणं म्हणजे हातांनी संकट ओढवणं. एक दिवस आधी जा, मुक्काम करा, जेवा, झोपा. फाइल तारखेच्या क्रमाने लावा: वर एका पानाचा सारांश, मग न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, चाचण्या, शेवटी जुने कागद. एमआरआयची सीडी घरी विसरू नका. नुसता रिपोर्ट पुरत नाही. दोन झेरॉक्स संच. मूळ कागद हातातून सोडायचे नाहीत.

तपासणारे डॉक्टर हवाई दलाचे, बोलणं इंग्रजी-हिंदीत. मुलाने उत्तरं घोकून जाऊ नयेत, पण आईने सांगितलेला तपशील आणि पत्रातला तपशील एकच असला पाहिजे. पत्रात तीन मिनिटं आणि तोंडी ‘अर्धा तास’ असं झालं की सगळी फाइल संशयात सापडते.

निकाल लागल्यावर

‘फिट’, म्हणजे पात्र, असा निकाल आला तर प्रश्नच मिटला, मात्र इतिहास प्रत्येक नूतनीकरणाला तसाच लिहायचा. ‘टेम्पररी अनफिट’ म्हणजे ठराविक काळ थांबा किंवा अमुक मत आणा. त्यात काय मागितलंय ते शब्दशः वाचा. ईईजी मागितला असेल तर ईईजीच द्या, सोबत दहा अनावश्यक रिपोर्ट नकोत. ‘पर्मनंट अनफिट’ आला तरी अपील करता येतं. मुदत आणि पद्धत त्या पत्रातच पाहा आणि मुदत चुकवू नका. अपिलात ‘मुलाचं स्वप्न आहे’ हे लिहून काही होत नाही. निदान चुकीचं होतं हे दाखवणारा नवा वैद्यकीय पुरावा लागतो. तापातली आकडी अपस्मार म्हणून नोंदली गेली असेल तर अपिलाला अर्थ आहे. पंधराव्या वर्षी सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके आणि मग मोठे झटके, असा किशोरवयातला अपस्मार असेल तर वकिलाचे पैसे वाचवा. त्या प्रकारात गोळ्या बहुधा आयुष्यभर लागतात.

परदेशातून मेडिकल करून आणायचा सल्ला देणारेही भेटतात. अमेरिकेत परवाना काढला तरी भारतात नोकरीसाठी तो भारतीय परवान्यात बदलताना डीजीसीएची क्लास वन लागतेच.

हवाई दलात जायचं असेल तर

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि सांबऱ्याला हवाई दलाचा तळ, त्यामुळे एनडीएकडे डोळे लावून बसलेली मुलं इथे पुष्कळ. त्या परीक्षेच्या जाहिरातीच्या परिशिष्टात हवाई दलासाठी नियम स्वच्छ दिला आहे: पाच वर्षांच्या वयानंतर एक जरी झटका आला असेल तर नकार. त्याआधीची आकडी तापातली होती आणि मागे मज्जासंस्थेची कमजोरी राहिली नाही असं दिसत असेल, तर तिला तितकं गंभीर धरत नाहीत. घराण्यात अपस्मार किंवा स्वतःच्या डोक्याला मार असेल तर ईईजी होतो.

डोक्याच्या माराचा विषय निघालाच आहे, तर मोटारसायकल. मेंदूला गंभीर इजा झालेल्यांत पाच वर्षांत झटके सुरू होण्याचं प्रमाण एका मोठ्या अभ्यासात १० टक्के आढळलं. सौम्य इजेत ते १ टक्क्याच्याही खाली होतं. खानापूर रोडवर बिनहेल्मेट फिरणाऱ्या भावी वैमानिकाने याचा हिशेब घालावा.

आधीच उडत असाल आणि पहिला झटका आला तर

त्या क्षणापासून उड्डाण बंद. परवान्याची मुदत शिल्लक आहे हे कारण चालत नाही. प्रकृती ढासळली हे माहीत असताना परवाना वापरायचाच नसतो. डीजीसीए आणि नोकरी असेल तर कंपनीच्या डॉक्टरांना कळवा. पहिल्या काही तासांत केलेल्या गोष्टी पुढे कामी येतात: पाहणाऱ्याने लगेच लिहून ठेवलेला वृत्तांत, रक्तातली साखर आणि सोडियम, ईसीजी, आणि शक्य तितक्या लवकर ईईजी, कारण पहिल्या चोवीस तासांत त्यात काही सापडण्याची शक्यता जास्त असते. ईसीजी विसरला जातो. हृदयाची लय बिघडूनही माणूस कोसळतो, झटके देतो, आणि तपासणारे मेंदूतच शोधत बसतात.

दार बंद झालं तर

हवाई वाहतूक नियंत्रक हा पर्याय पालक हमखास सुचवतात, पण क्लास थ्रीला तेच कलम आहे. विमान देखभाल अभियंता आणि फ्लाइट डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन करणारा) यांना वैमानिकाची क्लास वन लागत नाही. तिथे वाव आहे, मात्र गोळ्या चालू असताना उंच शिडीवर किंवा फिरत्या यंत्राजवळ काम करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. ड्रोनसाठी २०२१ च्या नियमांत पात्रता म्हणून वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्य संस्थेतलं प्रशिक्षण अशा अटी आहेत. ऊसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनना आपल्या भागात काम मिळू लागलंय. संस्थेने वैद्यकीय दाखला मागितला तर तिथेही खरंच सांगा, कारण शेतात एकट्याने उभं राहून ते यंत्र चालवायचं असतं.

आणि दुचाकी-चारचाकीचा परवाना काढतानाच्या फॉर्म १ मध्ये पहिल्याच प्रश्नांत अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल विचारलेलं आहे. आरटीओच्या बाहेर बसलेला एजंट तो रकाना न विचारताच भरून टाकतो. सही करण्याआधी तो स्वतः वाचा.